सामाईक गेटाचा रिमोट

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये हत्यारं धुवायची एक ठरलेली पद्धत आहे. घमेल्यात डिझेल ओतायचं, पाने, पकडी, ड्रिल, लेथची टूल त्यात बुडवायची, ब्रशनं घासायची, चिंधीनं कोरडी करायची आणि मगच हळदीकुंकू लावून ओळीनं मांडायची. उद्यमनगरात त्या दिवशी कुठूनही जा, डिझेल आणि झेंडूचा एकत्र वास येतो. मी सगळी हयात तिथं काढली, त्यामुळं घरची पूजाही मी त्याच शिस्तीत करतो. बायको दरवर्षी विळी तेवढी माझ्या हातातून काढून घेते. "हिच्यावर भाजी चिरायची असते," म्हणते. बाकी कात्री, अडकित्ता, हातोडी, कुलपं, किल्ल्या सगळं घमेल्यात जातं.

गेल्या खंडेनवमीला गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा मी असाच बुडवला. जुडग्याला गेटाचा रिमोट होता. ब्रश मारताना हाताला मऊ लागलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी तो पुसला, उन्हात ठेवला आणि पूजेत मांडला. हळदीकुंकवाची चिमूट बटणाच्या फटीत गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला बाहेर पडलो, गाडी गेटापाशी आणली, बटण दाबलं. गेट ढिम्म. बटणाचं रबर भिजलेल्या हरभऱ्यासारखं फुगून वर आलं होतं.

"पूजा लागू पडली," बायको म्हणाली आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेली.

आता एवढ्यावर माणसानं दुसरा रिमोट घ्यायचा आणि विषय संपवायचा. तसं झालं नाही, कारण ते गेट माझं एकट्याचं नव्हतं. ते माझं आणि दादाचं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडिलांच्या माघारी आमची वाटणी झाली, ती कोर्टकचेरी न होता, चहा पिता पिता झाली. पुढचं घर दादाला, मागचं मला. गारगोटीकडचं शेत दादा बघणार, वर्कशॉप मी चालवणार. सगळं वेगळं झालं, सामाईक राहिला तो फक्त घराच्या कडेचा गाडी जाण्याएवढा बोळ आणि त्याच्या तोंडावरचं गेट. पुढं दोघांनी मिळून त्याला मोटर बसवली. मोटर दादाच्या मीटरवर, गेटाला ग्रीस घालायचं काम माझ्याकडं. कंपनीनं दोन रिमोट दिले, एक त्याला, एक मला. मोटर मोकळी करून गेट हातानं ढकलता येतं, पण त्याची किल्ली दादाच्या व्हरांड्यात खिळ्याला अडकवलेली असते.

आणि दादा आणि मी तीन वर्षं बोलत नव्हतो.

कारण सांगितलं तर लोक हसतात, म्हणून सांगतोच. माझ्या मुलीच्या लग्नात फेटे बांधणारा आला. पहिला फेटा घरातल्या थोरल्याला बांधायचा, हा आमच्याकडचा मान. दादा त्या वेळी आत आचाऱ्यांच्या डोक्यावर उभा होता. मुहूर्त जवळ आलेला, पाहुणे खोळंबलेले, मी फेटेवाल्याला म्हणालो, "कर सुरू, पाहुण्यांपासून कर." दादा बाहेर आला तेव्हा फेट्यांचं कापड संपलं होतं. तो बोडक्यानं अक्षता टाकायला उभा राहिला आणि न जेवता घरी गेला. मला वाटलं, पुतणीच्या लग्नात असं रुसून जातात का? त्याला काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही, म्हणून मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी बोललो नाही, म्हणून तो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमचा तर सुंभही शाबूत होता.

अबोला आम्हा दोघांपुरता होता. बायका बोलत होत्या, भाजीची देवाणघेवाण चालू होती, दिवाळीचा फराळ इकडून तिकडं जात होता. पण दसऱ्याच्या आधीच वहिनीच्या आईचा पाय मोडला, म्हणून वहिनी मलकापूरला माहेरी गेली. दादा पुढच्या घरात एकटा. त्याचं दोन्ही वेळचं ताट माझ्या घरून जायचं. बायको ते त्याच्या व्हरांड्याच्या कट्ट्यावर ठेवायची, "मोठे भाऊजी, ताट ठेवलंय" म्हणायची आणि मागं फिरायची. थोरल्या दिरापुढं मोजकंच बोलायचं ही आमच्याकडची जुनी रीत, ती तिनं अजून पाळलीय. म्हणजे दादा माझ्या घरचं जेवत होता, मी त्याच्या मीटरवरच्या गेटातून ये-जा करत होतो आणि आमचं बोलणं बंद होतं.

रिमोट मेल्यावर माझी गाडी आत अडकली. चालत जायला गेटात छोटं दार आहे, पण गाडी काढायची तर किल्ली हवी आणि किल्ली मागायची तर तोंड उघडायला हवं. मी युक्ती काढली. दादा सकाळी शेताकडं जायला निघतो. मी माझ्या गाडीत आधीच जाऊन बसायचो. त्याची गाडी चालू झाली की माझी चालू करायची, त्यानं गेट उघडलं की त्याच्या मागोमाग वरातीतल्यासारखं बाहेर पडायचं. तो बाहेर पडून थोडा पुढं जायचा आणि माझी गाडी पूर्ण बाहेर येईपर्यंत तिथंच थांबायचा. मला त्याचा राग यायचा. बघ, माझ्या मेहेरबानीवर जातोयस, असं तो आरशातून म्हणतोय असं वाटायचं. संध्याकाळी मी गाडी रस्त्यावर लावायचो आणि छोट्या दारानं आत यायचो. शेजारी विचारायचे, "गाडी भायेर का?" मी म्हणायचो, "हवा खातीय."

बायको एकदाच म्हणाली, "किल्ली मागून घ्या की. एका शब्दाचं काम."

"तो देईल कशावरून?"

"मागून तर बघा."

मी मागितली नाही. रिमोट घ्यायला शाहूपुरीत गेलो.

दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. भिंतीवर टीव्हीचे, एसीचे, पंख्याचे रिमोट दोरीला लटकवलेले, आणि काउंटरमागं दुकानदार फोनवर कुणाला तरी कन्नडमध्ये झापत होता. फोन ठेवून त्यानं माझा रिमोट हातात घेतला, नाकाशी नेला.

"पावणं, ह्यो रिमोट हाय का लोणच्याची फोड?"

मी खंडेनवमीचं सांगितलं. त्याला काही नवल वाटलं नाही. आदल्या वर्षी एकानं म्हणे इन्व्हर्टरला नारळ फोडून आत पाणी घातलं होतं.

"ह्ये मॉडेल बंद झालं. पर कॉपी निघती. घरातला दुसरा चालू रिमोट घिऊन या, त्याच्यावरनं मारून देतो. दोन मिन्टाचं काम हाय."

"चालू रिमोट मिळणार नाही."

"न्हाय का घरात?"

"आहे. पण मिळणार नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "भाऊ?"

"भाऊ."

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि पुढचा प्रश्न न विचारता दुसरा खोका काढायला वळला. आमच्या गावात माणूस तुमचा पगार विचारेल, दुखणं विचारेल, पोरीचं लग्न का मोडलं ते भर चौकात विचारेल. पण भाऊ म्हटलं की गप्प बसतो. भावाभावांत पडू नये, उद्या ते एक होतात आणि मधला वाईट ठरतो, हे सगळ्यांना पाठ आहे.

त्यानं काउंटरवर चार-पाच रिमोट मांडले. मी मशिनवरचा माणूस, मला वस्तू हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पहिला पांढरा, पोकळ, दाबला की करकरायचा, त्याच्या दोन अर्ध्यांमधली फट एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला नख जाईल एवढी. असा जॉब माझ्याकडं कुणी केला असता तर मी परत मशिनवर चढवायला लावला असता. दुसरा गाडीच्या काचेला चिकटवायचा, निळा दिवा लागणारा. तो मला नवरदेवाच्या गाडीतला वाटला. तिसरा म्हणजे रिमोटच नव्हता, मोबाईलवरून चालणारं काहीतरी होतं.

"पुण्यात बसून गेट उगडा," दुकानदार म्हणाला.

"पुण्यात बसून उघडू आणि आत कोण येणार?"

"ते बी खरं की."

शिवाय त्याला गेटापाशी वायफाय लागत होतं आणि तिथपर्यंत पोचणारं वायफाय दादाचं होतं. चौथा मला आवडला. धातूचा, हाताला गार आणि वजनदार, बटणांवर सरकतं झाकण. फट एकसारखी, झाकण सरकताना अडत नव्हतं आणि खुळखुळतही नव्हतं. बटणं मात्र चार होती.

"एक गेट, चार बटणं कशाला?"

"बाकीची तीन ऱ्हाऊ देत की. खायाला मागत्यात का?"

मी तो घेतला. ह्याची कॉपी निघत नाही, हा गेटाच्या मोटरलाच शिकवावा लागतो, त्याला मेकॅनिक पाठवतो, असं तो म्हणाला. मला तेच हवं होतं. दादाच्या रिमोटाशी, दादाशी, कशाशीच संबंध येणार नव्हता. एवढं बरं वाटलं म्हणून येताना बायकोला गजरा घेतला.

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तेव्हा दादा शेताकडं होता. गेटाच्या आत, दादाच्या भिंतीशी मोटरचा डबा आहे. त्यानं डब्याचं झाकण काढलं, आतलं एक बारीक बटण दाबून धरलं ते एक तांबडा दिवा लागून विझेपर्यंत, मग परत दाबलं आणि मला म्हणाला, "दाबा आता." मी दाबलं. गेट सुरसुरत उघडलं. मी उगाचच चार वेळा उघडलं आणि बंद केलं. संध्याकाळी गाडी बोळातून आत आणताना मला एखादी खिंड जिंकल्यासारखं वाटत होतं.

अंधार पडल्यावर बाहेर हॉर्न वाजला. परत वाजला. कुणाच्या तरी दारात कुणीतरी आलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

चार दिवस नीट गेले. मग एका सकाळी गाडी गेटापाशी आणली, झाकण सरकवलं, बटण दाबलं. काही नाही. दुसरं, तिसरं, चौथं दाबलं. बॅटरी बदलली. तेवढ्यात मागून दादाची गाडी आली, माझी गाडी मध्ये उभी म्हणून थांबली. आणि माझ्यासमोर, मी हातात रिमोट धरून उभा असताना, गेट उघडलं. त्याच्या रिमोटनं. मी गाडी बाहेर काढली, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "काल दुपारी तो तुमचा मेकॅनिक मोठ्या भाऊजींकडं आला होता की. गेटाशी काहीतरी करत होते दोघं."

मग मला आणखी काय हवं? त्यानं मेकॅनिकला बोलावलं आणि माझा रिमोट काढून टाकायला लावला. फेटा राहिला म्हणून तीन वर्षं गप्प बसणारा माणूस, त्याला हे काय जड? मी घरात येरझाऱ्या घालत जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बायको भाजी निवडत ऐकत होती.

"एकदा विचारा तरी," ती म्हणाली.

"मी? मी विचारू? गेट त्यानं बंद केलं आणि विचारायचं मी?"

"मग काय करता?"

"भिंत घालतो," मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण एकदा बोललो आणि ते मला पटलंच. बोळात त्याच्या बाजूनं भिंत घालायची, बोळ आणि गेट माझं, त्यानं त्याच्या पुढच्या कंपाउंडला वेगळं गेट पाडायचं. वाटणी पुरी करून टाकायची. "सांग त्याला ताट ठेवताना."

ती जायला तयार नव्हती. "असलं काय माझ्या हाती पाठवू नका," म्हणाली. पण माझा आवाज वाढत गेला तशी उठली आणि ताट घेऊन गेली. मी मागच्या खिडकीत उभा राहून वाट बघत होतो. मला वाटत होतं, आता तो तरातरा येईल, दार वाजवेल, शिव्या देईल. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. भांडायला का होईना, तो यायला हवा होता.

बायको परत आली. "बरं म्हणाले."

"बरं? आणखी?"

"आणखी काही नाही. ताट घेतलं आणि आत गेले."

त्या 'बरं'नं मला जेवढं लागलं तेवढं त्या गेटानं लागलं नव्हतं. म्हणजे हा तयारच बसला होता. मी मागायचीच खोटी होती. मी रागाच्या भरात म्हणालो होतो, भिंत मला नको होती. सगळं वाटून झाल्यावर आमच्यात एकच गोष्ट दोघांची राहिली होती, रोज दोघांच्या हाताखालून जाणारी, आणि तीन वर्षं अबोला धरूनही मला कुठंतरी वाटायचं की गेट एक आहे तोवर आपण एका घरचे आहोत. आणि त्यानं एका शब्दात ते सोडून दिलं.

माझाच शब्द होता, मागं कसा घेऊ? गवंडी येऊन गेला. त्यानं बोळात दोरी धरली, चुन्याची रेघ मारली, दादाच्या पुढच्या कंपाउंडवर गेटासाठी खुणा केल्या. त्या खुणांच्या मधोमध वहिनीनं लावलेलं डाळिंबाचं झाड येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघतो तर दादा एकटाच कुंड्या उचलून मागं नेत होता. एक उचलायची, कमरेवर हात ठेवून थांबायचं, मग दुसरी. त्याची कंबर आधीपासून धरते. मग त्यानं कोयता आणला आणि डाळिंबाची एक फांदी तोडली. मला ते बघवेना. मी वर्कशॉपला जातो म्हणून निघालो, गाडी रस्त्यावर तशीच ठेवून रिक्षा केली, पण मन लागेना, म्हणून शाहूपुरीत उतरलो. आता गेट माझं एकट्याचं होणार होतं, तर बायकोसाठीही एक रिमोट घेऊन ठेवावा, असं स्वतःला सांगितलं.

दुकानदारानं मला ओळखलं. "काय पावणं, परत लोणचं घातलं काय?"

"नाही. दुसरा पाहिजे, बायकोला. आणि पहिला चालत नाही, तोही शिकवायचा आहे."

"तुमचा बी मेला? त्या दिशी तुमचं थोरलं आलतं, त्येंचा बी मेलता की."

"कोण थोरलं?"

"नाक असलंच, केस तेवढं पांढरं. पत्ता तोच सांगितला. म्हणालं, 'धाकट्यानं नवीन रिमोट घेतलाय, त्येचा चालतोय, माझा जुना मेला. त्येनं घेतलाय तसलाच द्या.' मग दिला की झाकणाचा. मेकॅनिक बी ह्योच गेलता."

मेकॅनिक कोपऱ्यात स्टुलावर बसून कसलंतरी सर्किट उघडत होता. मी त्याला विचारलं, "माझा रिमोट घातलास तेव्हा तू काय केलंस?"

"काय करायचं? पयलं सगळं पुसलं, मग तुमचा घातला. मी कायम पुसूनच घालतो. कुणाचा जुना रिमोट हरवल्याला असतोय, चोराच्या हाताला लागाय नको."

"आणि दादाचा घातलास तेव्हा?"

"तवा बी पुसलं."

"अरे, मग माझा गेला की! तुला माहीत होतं एकाच गेटाचं काम आहे. बोलला का नाहीस?"

त्यानं दुकानदाराकडं बघितलं, दुकानदारानं त्याच्याकडं. "आमाला वाटलं, तुमच्यात काय तरी चालू आसंल," मेकॅनिक म्हणाला. "त्येनी तुमाला पुसाय लावलं आसंल, तुमी त्येंना. भावाभावांत आपुन कशाला पडायचं?"

मी तिथल्या खुर्चीवर बसलो. म्हणजे त्या दिवशी अंधारात हॉर्न वाजवत होता तो दादा होता. रिमोट चालेना म्हणून तो छोट्या दारानं आत आला असेल, खिळ्यावरची किल्ली काढली असेल, धरलेल्या कमरेनं गेट ढकललं असेल, आणि त्याला एवढंच वाटलं की आपला रिमोट जुना झाला. माझ्यावर संशय घ्यायला त्याच्याकडं माझ्याइतकंच कारण होतं. त्यानं तो घेतला नाही. जाऊन माझ्यासारखाच रिमोट घेऊन आला.

"चला, येतो मी," मेकॅनिक म्हणाला. "दोन्ही रिमोट एकदम घालाय पायजेत, बास."

"तू नको येऊ. कसं करायचं ते सांग."

त्यानं सांगितलं. डब्यातलं बटण एकदा नुसतं दाबून सोडायचं, दाबून धरायचं नाही. दिवा लागला की तो विझायच्या आत दुसऱ्यानं रिमोट दाबायचा. "एकट्याला जमतंय तसं," तो म्हणाला, "पर दोघं आसलं की बरं पडतंय."

घरी आलो तेव्हा दादा कुंड्या नेऊन दमला होता आणि व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसला होता. कोयता शेजारी. मी बोळातून आत आलो आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. वाक्य मी वाटेत तयार केलं होतं, लांबलचक, मेकॅनिकपासून सगळं समजावणारं. ते आठवेना.

"रिमोट दे," मी म्हणालो.

त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. खिशात हात घालून रिमोट काढला आणि माझ्यापुढं धरला.

"मला नको," मी म्हणालो. "तू गेटापाशी ये. मी सांगतो तेव्हा दाब."

तो उठून आला. मी गुडघे टेकून डब्याचं झाकण काढलं, बटण दाबून सोडलं. "दाब." "दाबलं." परत बटण दाबलं आणि माझा रिमोट मी दाबला. त्याच्या रिमोटनं गेट उघडलं, माझ्या रिमोटनं बंद झालं. मग मी तिथंच, जमिनीवर बसूनच, त्याला सगळं सांगितलं. डिझेल, मेकॅनिक, पुसलेलं, परत पुसलेलं. माझ्या मनात आलं होतं तेही सांगितलं. 

"भिंत नको मला," मी म्हणालो.

"बरं."

"बरं काय? दर वेळी बरं! भिंत पाहिजे म्हटलं तरी बरं, नको म्हटलं तरी बरं. तुला काहीच वाटलं नाही? झाड तोडायला निघालास. भिंतीला हो का म्हणालास तू?"

"तू मागितलीस."

"मी मागितली म्हणून?"

"तुला कदी न्हाय म्हटलंय का मी?"

मी आठवून बघितलं, कारण मला त्याचं म्हणणं खोटं ठरवायचं होतं. शाळेत असताना त्याची सायकल मी मागितली आणि तो कॉलेजला चालत गेला. वडिलांचं वर्कशॉप मला पाहिजे म्हणालो आणि तो शेताकडं वळला, त्याला शेतीची आवड होती म्हणून नव्हे. चहा पिता पिता झालेल्या त्या वाटणीत मी काय काय मागितलं होतं तेही आठवलं. त्यानं 'नाही' म्हटल्याची एकही गोष्ट सापडली नाही. माझा आवाज चढाच होता, त्याच आवाजात मी म्हणालो, "मग तीन वर्षं बोलला का नाहीस माझ्याशी?"

 त्याला हा प्रश्न खरोखरच कळला नव्हता असं वाटलं.

"बोल म्हणून तू कवा म्हणालास?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवायला तिथं जागाही नव्हती. दादा माझ्या शेजारी चुन्याच्या रेघेवर खाली बसला, बसताना कंबर धरली.

"बोल," मी म्हणालो.

"काय बोलू?"

ते मलाही सुचेना.  मग तो म्हणाला, यंदा परतीच्या पावसानं भात लोळलं, कापायला माणसं मिळंनात, विहिरीवरची मोटर दोनदा जळली, आणि बांधावरची फणसाची झाडं, मी कधी बघितली नव्हती ती, आता केवढी झाली आहेत. तो सांगत गेला, एकामागून एक, तीन हंगामांचं सगळं, आणि मी मध्ये एक शब्द न बोलता ऐकत राहिलो.